डब्यावर दहा, हाताशी सात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सप्ताहातल्या भजनसंध्येला किंवा हळदीच्या कार्यक्रमाला जो छोटा संच येतो, त्याच्या पिना, म्हणजे वाद्यांच्या आणि माईकच्या वायरींची टोकं, एकदा मोजून बघा. दोन कीबोर्ड म्हणजे चार पिना. ऑक्टोपॅडच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडच्या, दोन. ट्रॅक वाजवायला मोबाईल किंवा लॅपटॉप, त्याच्या दोन. गाणाऱ्यांचे दोन माईक. बेरीज दहा. ‘दहा चॅनेलचा द्या’ म्हणून हे सगळे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणला जातो, आणि जोडायला बसल्यावर एक कीबोर्ड हातातच राहतो. माईकच्या दोन जागा मात्र मोकळ्या.

डब्यावरचा आकडा भोकांचा असतो, आवाजांचा नसतो. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. या वर्गात तो बराच विचारला जातो, म्हणून उदाहरणाला तोच बरा. त्यात चार मोनो (एका पिनेचे) चॅनेल आणि तीन स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन पिनांच्या) जोड्या आहेत. चार अधिक सहा, झाले दहा. हाताने कमी-जास्त करता येतात ते सात. आपल्या संचाला हवेत दोन मोनो आणि चार स्टीरिओ, म्हणजे एकूण सहाच आवाज. तरी ते सातात बसत नाहीत.

वाट काढता येते. दुसऱ्या कीबोर्डच्या दोन पिना दोन मोनो चॅनेलना द्यायच्या, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारा नॉब) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे, आणि दोन्ही गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कानाने जुळवायचे. आता मध्येच त्या कीबोर्डचा आवाज कमी करायचा तर दोन नॉब एकदम आणि सारखे फिरवायचे. एका हाताने ते होत नाही, आणि दुसरा हात बहुतेक वेळा कीबोर्डवरच असतो. शिवाय निवेदकाच्या कॉलर माईकला आता जागा नाही. कीबोर्ड सरळ मोनोच घ्यावा म्हटलं तर त्याच्या ‘एल/मोनो’ भोकात एकच पीन घालायची. आपल्याकडचे बॉक्स (स्पीकर) बहुतेक वेळा मोनोच लावलेले असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये कळतो.

ही एका मॉडेलची तक्रार नव्हे. छोटा मिक्सर अजूनही ‘माईकचा मिक्सर, जरा लहान करून’ असाच काढला जातो. बारीक सिग्नल वाढवणारा चांगला प्रीअँप, चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, तीन पट्ट्यांचा इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारा), खालची घुमघुम कापणारा लो-कट, सगळा थाट माईकच्या चॅनेलला. स्टीरिओ लाईनच्या वाट्याला उरलंसुरलं. ज्या संचात माईक दोन आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं चार, त्याच्यासाठी ही मांडणी उलटी आहे. माईकचं काम मात्र एमजी१०एक्सयू चोख करतो, हेही सांगायला हवं: आवाज स्वच्छ, अंगाला पत्रा, आत २४ इफेक्ट.

याच मॉडेलमध्ये ९/१० ही जोडी आणि यूएसबी यांच्यात एक खटका आहे. लॅपटॉपवरून यूएसबीने ट्रॅक वाजवायचा असेल तर ९/१० ची भोकं सोडायची. म्हणजे पिना जोडायला सातातले सहाच उरले. खरेदी करताना हा खटका कुणी दाखवत नाही.

आता मोबाईलच्या वायरीकडे बघू, कारण निम्मे लोक इथेच फसतात आणि दोष मिक्सरला देतात. बाजारात एका बाजूला छोटी स्टीरिओ ईपी पीन (हेडफोनची असते ती) आणि दुसऱ्या बाजूला तीन पट्ट्यांची स्टीरिओ पी-३८ (जाडी, पाव इंची पीन) अशी वायर सहज मिळते. ती मोनो चॅनेलच्या भोकात घातली की गाण्यातला गायक गायब होतो आणि मागची हॉलसारखी गुंज तेवढी ऐकू येते. मोनो चॅनेलचं ते भोक बॅलन्स्ड असतं. टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा सिग्नल वजा करणं हे त्याचं काम. मोबाईलमधून टोकावर डावी बाजू येते आणि कड्यावर उजवी. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत शून्य. ट्रॅक मास्टरिंग करणाऱ्याला शिव्या देण्याआधी वायर बदला: एका ईपीतून निघून दोन वेगळ्या मोनो पी-३८ मध्ये संपणारी, आणि त्या दोन पिना एका स्टीरिओ जोडीत. प्रत्येक छोट्या मिक्सरवर मोबाईलसाठी एक साधं ३.५ मिलिमीटरचं स्टीरिओ भोक, त्याला स्वतःचा नॉब, एवढं दिलं तर हा घोळ मुळातूनच संपेल. काही मॉडेलमध्ये असं भोक असतं, पण त्याला नॉब नसतो.

ऑक्टोपॅडची तऱ्हा निराळी. स्टीरिओ चॅनेलना बहुतेक ठिकाणी गेनचा नॉब नसतो. असलाच तर प्लस चार, मायनस दहा असा एक खटका. हे दोन आकडे म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट आणि ०.३२ व्होल्ट, जवळजवळ चौपट अंतर. ऑक्टोपॅडचा ठोका या दोन्हींच्या मध्ये कुठेही पडतो. हळू वाजवला तर दबतो, तावात वाजवला तर चॅनेलच्या तोंडाशीच फाटतो. तोंडाशी फाटलेला आवाज खालचा नॉब कमी करून साफ होत नाही, फाटका आवाज हळू येतो इतकंच. मास्टरचे (एकूण आवाजाचे) दिवे हिरवेच राहतात, त्यामुळे साऊंडवाला बॉक्सवर संशय घेतो. उपाय असा: पॅडचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण उघडू नका, साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा, सगळ्यात जोराचा ठोका वाजवून घ्या आणि मग मिक्सरचं बघा. कीबोर्ड पाऊणवर ठेवा. पाव ठेवून मिक्सरवर ओढला की सगळी सळसळ वर येते.

स्टीरिओ चॅनेलला गेन द्यावा आणि प्रत्येक चॅनेलला आपला लाल दिवा द्यावा, ही मागणी फार मोठी नाही. शक्य असेल तर आमची पहिली पसंती वेगळीच आहे: माईकवरचा एका नॉबचा कॉम्प्रेसर काढून स्टीरिओ जोडीवर बसवा. गायक माईक लांब-जवळ करून स्वतःच सांभाळून घेतो. काठी सांभाळून घेत नाही.

इक्यूबद्दल थोडक्यात. मधल्या पट्टीचा नॉब साधारण अडीच हजार हर्ट्झला पक्का बसवलेला असतो. माईकला ठीक. पण दोन कीबोर्ड, हार्मोनियम आणि ढोलकी एकत्र आल्यावर जी गचडी होते ती २०० ते ५०० च्या आसपास असते, आणि तिथे हात घालायला जागाच नसते. फिरता मिड, म्हणजे जागा बदलता येणारी मधली पट्टी, स्टीरिओ जोडीवर हवा, आणि लो-कटही. सबवाल्या (जाड आवाजाच्या) बॉक्सवर कीबोर्डच्या डाव्या हाताचा बेस आणि पॅडचा किक (जाड ठोका) एकमेकांच्या अंगावर चढतात ते यामुळेच.

ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून वेगळा मिक्स बाहेर पाठवायची वाट (सेंड), हे सगळ्यात मोठं दुखणं. छोट्या मिक्सरवर बहुधा एकच सेंड असतो आणि तो इफेक्टला बांधलेला असतो. त्यातून गाणाऱ्यासमोरचा मॉनिटर (त्याने स्वतःचं ऐकायचा बॉक्स) चालवायचा म्हटलं तर दोन अडचणी. पहिली, तो पोस्ट-फेडर असतो, म्हणजे बाहेरचा आवाज कमी केला की गाणाऱ्याच्या पुढ्यातलाही कमी होतो. दुसरी, माईकवर इको द्यायला जो नॉब वाढवाल तोच मॉनिटरही वाढवेल, आणि माईक शिट्टी मारेल. मग मॉनिटरला मेनचीच (बाहेरच्या बॉक्सची) जोडणी दिली जाते. गाणाऱ्याला कीबोर्ड नको, तानपुरा हवा, असं चालत नाही. जे जगाला ते त्याला. हवा तो एक प्री सेंड (बाहेरचा आवाज कमी केला तरी न बदलणारा) आणि एक पोस्ट सेंड, दोन्ही सगळ्या चॅनेलवर. दहा चॅनेलमध्ये हे बसत नाही असं नाही. दोन माईक प्रीअँप कमी केले की जागा आणि पैसे दोन्ही सुटतात.

म्यूटचा (चॅनेलचा आवाज एकदम बंद करायचा) खटका नसण्यावर वेगळं लिहायला हवं, कारण सजीव देखाव्यात तोच लागतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा सादर होतो, पुढे गेलं की पुन्हा सादर होतो, रात्रभर. संवाद बऱ्याचदा आधी रेकॉर्ड केलेले, वर कीबोर्डचा मारा, एखादा कॉर्डलेस माईक निवेदकाकडे. निवेदक माईक बंद न करताच खाली उतरतो आणि पाणी मागतो, ते सगळ्या चौकाला ऐकू येतं. म्यूट नसेल तर नॉब शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी अंदाजाने वर न्यायचा. अंधारात, हलत्या ट्रॉलीवर, काळ्या नॉबवरची करडी रेघ बघत. प्रत्येक चॅनेलला बोटभर मोठं म्यूटचं बटण आणि त्यात दिवा. दुसरं बटण इफेक्ट बंद करण्याचं, शक्यतो पायाने दाबायचं. गाण्यावरचा इको तसाच राहून सूचना सुरू झाली की ‘केए-२२ पासिंगची गाडी’ तीनदा ऐकू येते आणि नंबर एकदाही कळत नाही. वर आपल्याकडे तीच सूचना कन्नडमध्ये पुन्हा द्यायची असते.

हेडफोनच्या भोकातून फक्त मेन ऐकू येणं, हा ट्रॅकवर काम करणाऱ्यांचा छळ. पुढचं गाणं कुठून सुरू होतं ते आधी कानात ऐकायला पीएफएल हवा. तो बहुतेक वेळा बारा-सोळा चॅनेलच्या मॉडेलपासून सुरू होतो. तोवर मोबाईलला वेगळा इअरफोन लावून ऐका, मग पीन मिक्सरकडे परत. पीन लावताना खाट् असा आवाज जाणार नाही याची काळजी घ्या. चॅनेल शून्यावर आणूनच पीन हलवायची.

वीज. या वर्गातले बरेच मिक्सर डीसी घेत नाहीत. एमजी१०एक्सयूचा अडॅप्टर पीए-१०. तो ३५ व्होल्ट एसी देतो आणि मधलं टोक वेगळं, म्हणून पीन तिपेडी. आत त्याचे प्लस आणि मायनस असे दोन पुरवठे होतात. ध्वनीच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. पण ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ती चालत नाही, मध्ये इन्व्हर्टर लागतो. आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेला कुठलाही अडॅप्टर जनरेटर दमला की मार खातो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की आतला रेग्युलेटर पुरा पडत नाही आणि १०० हर्ट्झची घरघर मेनमध्ये उतरते. लाईटिंगचं आणि साऊंडचं जनरेटर एकच असेल तर हॅलोजन लागताच घरघर सुरू होते, तिचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण अर्थिंगचं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर मिक्सर निर्दोष, यूएसबीच्या वाटेने ग्राउंड लूप झालाय (अर्थ दोन वाटांनी जोडला गेलाय). मग लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा त्याचा हेडफोन-आउट ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्समधून (विजेचा जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारा डबा) घ्या. अर्थची पीन तोडणे हा उपाय नव्हे. ओल्या मंडपात तर नव्हेच.

आम्हाला हवा तो मिक्सर यूएसबी-सी पीडीवर (मोबाईलच्या फास्ट चार्जरसारख्या जोडणीवर) चालावा, किंवा ९ ते १८ व्होल्टपैकी काहीही डीसी घ्यावा. कॉर्गने व्होल्का मिक्समध्ये याच्या पुढे जाऊन एक शहाणपणा केला: मिक्सरमधूनच तीन वाद्यांना ९ व्होल्ट बाहेर दिले, शिवाय टेम्पो जुळवायचा सिंक आणि स्टार्ट-स्टॉपही. चॅनेल मोजकेच, दोन मोनो आणि एक स्टीरिओ. टेबलावरचं खेळणं म्हणून लोक नाक मुरडतात, पण इलेक्ट्रॉनिक वाद्यांना काय लागतं याचा विचार तिथे झालेला दिसतो. आपल्याकडे एका एक्स्टेन्शन बोर्डावर कीबोर्डचे दोन, पॅडचा एक, मिक्सरचा एक आणि मोबाईलचा एक असे पाच अडॅप्टर एकमेकांना ढकलत बसलेले असतात, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी येऊन त्यातलाच एक काढून स्वतःचा मोबाईल लावतो.

भोकं कुठे आहेत तेही बघून घ्या. जवळजवळ सगळी वरच्या तोंडावर असतात. पिना उभ्या राहतात, वायरी नॉबवर लोळतात. स्वस्त मॉडेलमध्ये पी-३८ ची भोकं प्लास्टिकची आणि थेट बोर्डाला झाळलेली असतात, नटाने पत्र्याला आवळलेली नसतात. कुणाचा पाय वायरीत अडकला की तो झटका थेट झाळीवर. तिला केसाएवढी चीर जाते, आणि मग ‘पीन जरा वाकडी धरली की येतो’ हा आजार सुरू होतो. विकत घेण्याआधी भोकाभोवती धातूचा नट आहे का ते बघा. नसेल तर लाकडी पाटावर मिक्सर बसवून वायरींचा जुडगा चार इंचांवर पाटालाच बांधून टाका, म्हणजे झटका पाटाला बसेल.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत आणि खानापूरच्या तांबड्या धुळीत नॉब खरखरायला वेळ लागत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर नॉबच्या दांड्याच्या मुळाशी अगदी थोडा, वीज काढून, मग नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे. रॉकेल नको, गंज काढायचा स्प्रेही नको. आतला कार्बनचा पट्टा आणि वंगण दोन्ही खराब होतं. क्लीनर मारूनही आवाज मधूनच तुटत असेल तर तो नॉब बदलायचाच.

अशा छोट्या मिक्सरच्या यूएसबीवर बहुधा दोनच ट्रॅक जातात, हे लाईव्ह करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. जे बॉक्सला जातं तेच फेसबुकला. मंडपात ढोलकी तशीच मोठी ऐकू येते, म्हणून मिक्सरमध्ये ती कमी ठेवलेली असते. मग लाईव्ह ऐकणाऱ्याला ढोलकी जवळजवळ नाहीच, नुसता माईक. नंतर दुरुस्तही करता येत नाही, सगळं एकात मिसळलेलं. झूम कंपनीच्या लाईव्हट्रॅक एल-८ या मिक्सरमध्ये हे दुखणं नाही: एसडी कार्डावर बारा ट्रॅकपर्यंत वेगवेगळं रेकॉर्डिंग, हेडफोनना वेगवेगळे मिक्स, म्यूटची बटणं, आणि चार पेन्सिल सेलवरसुद्धा चालतो. पण त्याचीही रचना बोलणाऱ्या माणसांभोवती आहे, सहा माईक. स्टीरिओ वाद्यांची आपली गर्दी तिथेही दाटीवाटीने उभी राहते.

बरोबर उलट बाजू म्हणजे १०१०म्युझिकचा ब्लूबॉक्स आणि टीनेज इंजिनिअरिंगचा टीएक्स-६ हे छोटे मिक्सर. दोन्हींत सहा-सहा स्टीरिओ इनपुट. टीएक्स-६ मध्ये आतच बॅटरी, वजन १६० ग्रॅम, २०२२ मध्ये आला तेव्हा किंमत ११९९ डॉलर. किंमत बाजूला ठेवली तरी भोकं ३.५ मिलिमीटरची आणि नॉब तुरीच्या दाण्याएवढे. टेबलावर बसून रचना करणाऱ्याला सुख. ट्रॉलीवर ते टिकणार नाही, आणि हळदीच्या मांडवात तर हरवेलच.

बेहरिंगरचा एक्सआर१८ अनेक मंडळांना मोहात पाडतो: १८ इनपुट, सहा ऑक्स, सगळं टॅबवर. कागदावर आमची निम्मी यादी पूर्ण होते. पण अंगावर चॅनेलचे नॉब नाहीत. आतला वायफाय २.४ गिगाहर्ट्झचा, आणि मिरवणुकीतल्या हजारो मोबाईलमध्ये तो गुदमरतो. घेणार असाल तर ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लॅन वायरीने जोडून घ्या, आणि गर्दीत जाताना लॅपटॉप थेट वायरीवर ठेवा. वाजवणाराच मिक्सर सांभाळणार असेल तर मात्र नको. एका हाताने टॅबचा स्क्रीन उघडून पान शोधेपर्यंत अंतरा संपतो.

राहिले ते ‘९९ डीएसपी, ब्लूटूथ, एमपी३’ असं ठळक छापलेले बिनओळखीचे मिक्सर. किमतीच्या मानाने ते वाटतात तितके टाकाऊ नसतात, घरच्या रियाजाला चालतात. पण दोन गोष्टी तपासा. ब्लूटूथ बंद करायला खरंखुरं बटण आहे का. नसेल तर आरती चालू असताना जोडलेल्या मोबाईलवर फोन आला की रिंगटोन देवासमोर वाजते. दुसरं, फँटम, म्हणजे कंडेन्सर माईकला मिक्सरमधून मिळणारी ४८ व्होल्टची वीज. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, कॅनन (माईकच्या तीन पिनांच्या) भोकाच्या एक आणि दोन नंबरमध्ये मोजा, मग एक आणि तीनमध्ये. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या आत यायला हवेत. पंधरा-अठराच दाखवत असेल तर ‘४८’ नुसतं छापलेलं आहे. बरेच कंडेन्सर माईक त्यावर नीट चालत नाहीत. फँटमचं बटण सगळ्या माईक चॅनेलना एकच असतं, म्हणून ते दाबण्याआधी कॅननमध्ये कीबोर्डची वायर घुसवलेली नाही ना ते बघून घ्या.

दुकानात जाताना स्वतःचा एक कीबोर्ड, बंद कानांचा हेडफोन आणि दोन पी-३८ वायरी घेऊन जा. काहीही न जोडता मास्टर आणि हेडफोन वर करा, सळसळ ऐका. मग इफेक्टचा नॉब वर करा आणि पुन्हा ऐका, स्वस्त मिक्सरची सळसळ बहुतेक वेळा तिथूनच वाढते. प्रत्येक स्टीरिओ जोडीत एकच सूर धरून ठेवा आणि नॉब हळूहळू वाढवा: डावी-उजवी बाजू सारखी चढते का, की सुरुवातीला आवाज एका कानाकडे झुकतो. शेजारच्या दोन नॉबच्या मध्ये बोट मावतं का ते बघा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, आणि चांगला दुकानदार ती देतो.

घ्यायचाच झाला तर या घडीला आमचा सल्ला असा: दोन कीबोर्ड आणि पॅड असेल तर दहाचा नको, चार स्टीरिओ जोड्या असलेला बाराचा घ्या, म्यूट आणि पीएफएल बघून. एकटा कीबोर्डवाला आणि एक गायक असेल तर दहाचा भरपूर झाला. आणि अडॅप्टर त्याच दिवशी दोन घ्या. तो तिपेडी अडॅप्टर ऐन गणपतीत गेला तर शेजारच्या दुकानात मिळेलच असं नाही. बाहेरून मागवून येईपर्यंत विसर्जन होऊन जातं. दोन्ही अडॅप्टरवर मार्करने मिक्सरचं नाव लिहून ठेवा, कारण मांडवातल्या त्या बोर्डावर सगळे काळे डबे सारखेच दिसतात.